किनाऱ्यावरचे सात तास : फियॉर्ड सफरीचे बदलते गणित

सायखेडा (ता. निफाड) : द्राक्षाचा शेवटचा माल उतरला, एप्रिलची खरड छाटणी उरकली आणि नव्या फुटीची विरळणी मार्गी लागली, की गोदाकाठच्या बागायतदाराला वर्षातली थोडी उसंत मिळते. पूर्वी ही उसंत काशी-रामेश्वर किंवा चारधाम यात्रेच्या वाट्याला येत असे. पुढे सिंगापूर-थायलंड आले, त्यानंतर युरोपची पंधरवड्याची सहल आली. आता निफाड, पिंपळगाव, नाशिक या पट्ट्यातील सधन कुटुंबांपुढे सहल कंपन्यांच्या पुस्तिका स्कॅन्डिनेव्हिया आणि नॉर्वेच्या फियॉर्डमधील जहाजसफर ठेवू लागल्या आहेत. मुलांची शाळा सुरू होण्याआधीचा मे महिना आणि जूनचा पूर्वार्ध हा काळ या सफरींनाही सोयीचा असल्याने हा मेळ सहज जुळतो.

मात्र ज्या सफरीसाठी एखाद्या कुटुंबाची दोन-तीन हंगामांची शिल्लक खर्ची पडते, तिचे नियम अलीकडच्या काळात वेगाने बदलले आहेत. १ जानेवारी २०२६ पासून नॉर्वेने जागतिक वारशाच्या यादीतील फियॉर्डमध्ये शून्य उत्सर्जनाची अट लागू करण्यास प्रारंभ केला. ही अट वरकरणी जहाज कंपन्यांपुरती दिसत असली, तरी कोणते जहाज कोठे थांबणार, किती वेळ थांबणार आणि त्यासाठी प्रवाशाला किती मोजावे लागणार, हे सारे तिच्याशी निगडित आहे. त्यामुळे जहाजावरील खोली, जेवण आणि करमणूक यांची चौकशी करणाऱ्या ग्राहकाने त्याआधी किनाऱ्यावरील तासांचा हिशेब मांडणे आवश्यक ठरले आहे.

एक शब्द, तीन अर्थ

पहिला घोळ 'क्रूझ' या शब्दातच आहे. मराठी सहल पुस्तिकांत हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली म्हणजे कोपनहेगन ते ओस्लो किंवा स्टॉकहोम ते हेलसिंकी अशी एका रात्रीची फेरीबोट. तिच्यात खोल्या, उपाहारगृहे आणि दुकाने असली, तरी मुळात ती मोटारी आणि माणसे वाहून नेणारी प्रवासी बोट आहे. दुसरी म्हणजे फियॉर्डमधील दीड-दोन तासांची फेरी. फ्लोम ते गुडवांगेन या मार्गावर २०१८ पासून धावणारी 'फ्यूचर ऑफ द फियॉर्ड्‌स' ही संपूर्णपणे विजेवर चालणारी चारशे प्रवाशांची बोट हे त्याचे उत्तम उदाहरण. तिसरी म्हणजे हॅम्बुर्ग, कील, कोपनहेगन किंवा साउदॅम्प्टन येथून निघून आठवडाभर नॉर्वेचा किनारा फिरवणारे तरंगते हॉटेल. या तिन्हींच्या खर्चात, अनुभवात आणि नियमांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बसने फिरणाऱ्या सहलीत एक रात्र फेरीबोटीत आणि दोन तास फियॉर्डमध्ये घालवणे यात वाईट काही नाही. अनेक ज्येष्ठांसाठी तो अधिक सोयीचा पर्याय असतो. परंतु पैसे भरताना यापैकी नेमके काय मिळणार आहे, हे लेखी विचारून घेतले पाहिजे.

याखेरीज एक चौथा प्रकार आहे. १८९३ मध्ये सुरू झालेली किनारी टपालबोट सेवा आता बर्गन ते किर्केनेस या मार्गावर ३४ बंदरांना स्पर्श करते. स्थानिक माणसे, माल आणि पर्यटक एकाच बोटीतून जातात. जलसे किंवा पोहण्याच्या तलावांची चंगळ तेथे नाही. काही बंदरांतील थांबा तर जेमतेम पाऊण तासाचा असतो. ज्याला जहाजापेक्षा किनारा पाहायचा आहे, त्याने हा पर्याय नजरेआड करू नये.

तासांचा हिशेब

फियॉर्ड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दरीत शिरलेला समुद्र. सोग्नेफियॉर्ड हा नॉर्वेतील सर्वांत लांब फियॉर्ड दोनशे किलोमीटरहून अधिक आत गेला आहे आणि त्याची खोली तेराशे मीटरच्या आसपास भरते. त्यामुळे मोठी जहाजे थेट डोंगरांच्या पायथ्यापर्यंत जाऊ शकतात. या सफरीची खरी गोडी येथेच आहे. आणि अडचणही येथेच आहे, कारण जहाज ज्या गावाशी थांबते ते गाव अनेकदा सायखेड्याच्या एखाद्या गल्लीएवढे असते.

वेळापत्रकात 'सकाळी ८ ते सायंकाळी ५' असे छापलेले नऊ तास प्रवाशाच्या हाती पडत नाहीत. जहाज बांधणे आणि उतरण्याची परवानगी मिळणे यात वेळ जातो. सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधी सर्वांनी परत जहाजावर असावे लागते. बंदराला मोठा धक्का नसेल, तर छोट्या नौकांतून किनाऱ्यावर न्यावे लागते आणि त्यासाठी रांग लागते. शिवाय वारा वाढला तर हा थांबा रद्द होऊ शकतो. हे सारे वजा जाता सरासरी सात तास उरतात. सात दिवसांच्या सफरीत चार थांबे धरले, तर संपूर्ण प्रवासात नॉर्वेच्या जमिनीवर अठ्ठावीस तास. सहलीचे नियोजन म्हणजे या अठ्ठावीस तासांचे नियोजन.

ते थांब्यागणिक वेगळे करावे लागते. बर्गनमध्ये जागतिक वारशाच्या यादीत १९७९ पासून असलेली ब्रिग्गेनची लाकडी वखारवस्ती आणि १९१८ पासून चालू असलेली फ्लोयबानेन ही डोंगरावरची रेल्वे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तेथे महागडी बससहल घेण्याची गरज नाही. ओलेसुंद शहर १९०४ च्या आगीत बेचिराख झाले आणि नंतर एकाच शैलीत पुन्हा उभे राहिले. ते पायीच पाहावे, मात्र अक्सला टेकडीच्या ४१८ पायऱ्या गुडघेदुखी असणाऱ्यांनी टाळाव्यात. फ्लोम येथे वीस किलोमीटरची रेल्वे समुद्रसपाटीपासून ८६६ मीटर उंचीवर मिर्डालला नेते. तिची तिकिटे जहाजे एकाच वेळी आल्यास संपतात, म्हणून ती आधीच काढणे श्रेयस्कर.

याउलट स्टाव्हांगेरचा थांबा दिसतो तितका सोपा नाही. ६०४ मीटर उंचीचा प्राइकेस्टोलेन कडा छायाचित्रांमुळे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तेथील जाऊन-येऊन आठ किलोमीटरची चढण चार-पाच तास घेते आणि पायथ्यापर्यंतचा प्रवास वेगळा. जहाजाच्या थांब्यात हे बसवणे म्हणजे दिवसभर घड्याळाकडे पाहत धावणे होय. त्याऐवजी लिसेफियॉर्डमध्ये बोटीने जाऊन तोच कडा खालून पाहता येतो.

ऋतूचा विचारही तितकाच महत्त्वाचा. मे अखेर आणि जूनमध्ये बर्फ वितळत असल्याने गैरांगेरफियॉर्डमधील 'सात बहिणी' हा धबधबा भरात असतो आणि बर्गनला जूनमध्ये रात्री अकराच्या सुमारास सूर्य मावळतो. मात्र उंचावरील रस्ते मेच्या उत्तरार्धापर्यंत बर्फामुळे बंद राहू शकतात. मध्यरात्रीचा सूर्य पाहण्याची आशा असेल, तर तो बर्गन किंवा गैरांगेरला दिसत नाही. त्यासाठी आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस जावे लागते. बर्गनचा पाऊस नाशिककराला इगतपुरीची आठवण करून देईल असा, आणि तोही वर्षभर. रविवारी बहुतेक मोठी दुकाने बंद असतात, १७ मे रोजी राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकांमुळे सगळे शहर रस्त्यावर असते आणि व्यवहार युरोत नव्हे, तर क्रोनरमध्ये चालतो.

नियमांची नवी चौकट

नॉर्वेच्या संसदेने २०१८ मध्ये ठराव करून वारसा फियॉर्डमधील पर्यटक जहाजांना २०२६ पर्यंत शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट दिले होते. नेरोयफियॉर्ड आणि गैरांगेरफियॉर्ड हे २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. त्यांच्यासह औरलान्ड्सफियॉर्ड, सुन्निल्व्हस्फियॉर्ड आणि ताफियॉर्ड अशा पाच फियॉर्डना हा नियम लागू होतो. तथापि प्रत्यक्षात सरकारने त्याचे दोन टप्पे केले. १० हजार टनांहून लहान प्रवासी जहाजांसाठी १ जानेवारी २०२६ ही तारीख ठरली, तर त्याहून मोठ्या जहाजांना १ जानेवारी २०३२ पर्यंत मुदत मिळाली. आठवडाभराच्या सफरीची तरंगती हॉटेले बहुतांशी दुसऱ्या गटात येतात. म्हणजे तूर्त गैरांगेर आणि फ्लोम हे थांबे मोठ्या जहाजांच्या यादीतून एकाएकी नाहीसे होणार नाहीत. परंतु सांडपाणी, गंधक आणि नायट्रोजन ऑक्साइड यांविषयीची बंधने २०१९ पासून टप्प्याटप्प्याने कडक होत गेली आहेत आणि २०२५ पासून जुन्या इंजिनांच्या जहाजांना हे फियॉर्ड अवघड झाले आहेत.

याच काळात स्थानिक पातळीवरही हात आखडता घेतला गेला. बर्गनने एका दिवशी उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर आठ हजारांची मर्यादा घातली. २०२५ मध्ये संसदेने पर्यटनाचा ताण असलेल्या नगरपालिकांना मुक्कामाच्या दरावर तीन टक्क्यांपर्यंत शुल्क आकारण्याची मुभा देणारा कायदा केला आणि क्रूझ प्रवाशांनाही त्याच्या कक्षेत आणले. गैरांगेर गावाची कायम वस्ती जेमतेम दोन-अडीचशे. तेथे एकाच सकाळी दोन-तीन जहाजे आली, तर गावाच्या कितीतरी पट माणसे एका रस्त्यावर उतरतात, जहाजावरच न्याहारी झालेली असल्याने आणि दुपारचे जेवणही तेथेच फुकट मिळणार असल्याने गावात फारसे काही न खरेदता परततात. मागे राहतो तो दरीत साठलेला धूर. शुल्काची आणि मर्यादेची मागणी उभी राहिली ती या अनुभवातून.

युरोपच्या नियमांची ही भाषा निफाडला अपरिचित नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने युरोपात गेलेल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. नियम आधीच अस्तित्वात होता. त्याची दखल उशिरा घेतली गेली. फियॉर्डसफरीची नोंदणी करणाऱ्यांनी तीच चूक करू नये. दीड-दोन वर्षे आधी छापलेल्या पुस्तिकेतील थांबा बदलण्याचा अधिकार जहाज कंपनीने करारात राखून ठेवलेला असतो. 'गैरांगेर' या एका नावासाठी सफर निवडली असेल, तर तो थांबा रद्द झाल्यास काय परत मिळणार, हे आधीच विचारावे. बहुधा केवळ बंदरशुल्क परत मिळते.

जहाजावरचे दिवस

जहाजावरील जीवनाविषयीही काही गैरसमज आहेत. भाड्यात खोली आणि मुख्य भोजनगृहातील जेवण येते. दररोज माणशी आकारली जाणारी बक्षिसी, इंटरनेट, मद्य, विशेष उपाहारगृहे आणि किनाऱ्यावरील सहली बहुतेक वेळा वेगळ्या मोजाव्या लागतात. शाकाहारी किंवा जैन जेवण मिळते, पण ते नोंदणीच्या वेळीच लेखी कळवावे लागते. जहाज सुटल्यावर केलेल्या मागणीस मर्यादा येतात. खोलीत इलेक्ट्रिक किटली, इस्त्री किंवा शेगडी नेण्यास आगीच्या भीतीने बहुतेक कंपन्यांची मनाई असते. घरून नेलेले पेढे आणि बर्फी यांचाही विचार आधी करावा, कारण युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास तेथे बंदी आहे. चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी यांना अशी अडचण सहसा येत नाही.

सर्वांत दुर्लक्षित बाब सुरक्षेची. २३ मार्च २०१९ रोजी 'व्हायकिंग स्काय' या जहाजाची इंजिने नॉर्वेच्या हुस्ताडविका या खवळलेल्या पट्ट्यात बंद पडली. जहाजावर १,३७३ माणसे होती. त्यांतील सुमारे पावणेपाचशे जणांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. इंजिनांतील वंगणतेलाची पातळी कमी असणे हे त्याचे कारण निघाले. जीवितहानी टळली ती तयारीमुळे. इटलीच्या किनाऱ्यावर २०१२ मध्ये 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडाल्यानंतर प्रवाशांची सुरक्षा कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे जगभर बंधनकारक झाले. ही कवायत म्हणजे कंटाळवाणा उपचार मानून खोलीत बसून राहणे आपल्याला तरी शोभणारे नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली, तेव्हाही जीवरक्षक जाकिटांचाच प्रश्न ऐरणीवर आला.

कागदपत्रांचा घाट

ग्रामीण बागायतदाराची खरी कसोटी व्हिसाच्या वेळी लागते. नॉर्वे युरोपीय संघात नसला, तरी शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसा पुरतो. मात्र जहाज साउदॅम्प्टनहून सुटत असेल, तर ब्रिटनचा व्हिसाही स्वतंत्रपणे काढावा लागतो. शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेक शेतकरी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरतच नाहीत; व्हिसा अधिकारी मात्र उत्पन्नाचा पुरावा म्हणून प्रथम तेच मागतात. सातबारा उतारा, बाजार समितीच्या पट्ट्या आणि निर्यातदाराकडून बँकेत जमा झालेल्या रकमा यांचा मेळ इंग्रजी भाषांतरासह घालून द्यावा लागतो. रोखीने झालेला व्यवहार येथे उपयोगी पडत नाही. परदेश सहलीच्या पॅकेजवर टीसीएस म्हणून कापला जाणारा आगाऊ करही विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. म्हणून विवरणपत्राची तयारी सफरीच्या वर्षभर आधी सुरू होणे इष्ट. ज्येष्ठांच्या जुन्या आजारांचा उल्लेख विमा अर्जात टाळण्याची सवयही महागात पडते, कारण जहाजावरील दवाखान्याचे बिल लगेच चुकवावे लागते आणि भरपाई नंतर मागावी लागते.

आपल्या किनाऱ्याचे काय?

या सफरीतून परतणाऱ्याने एक प्रश्न सोबत आणायला हवा. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून 'क्रूझ भारत मिशन'ची घोषणा केली आणि पाच वर्षांत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअर येथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्याची क्षमता वर्षाला दहा लाख प्रवाशांची आहे. यापूर्वी २०१८ मध्ये सुरू झालेली मुंबई-गोवा 'आंग्रिया' आणि २०१९ मधील 'कर्णिका' या दोन्ही सेवा २०२० नंतर टिकल्या नाहीत. २०२१ पासून 'कॉर्डेलिया'ची जहाजे मुंबईहून जाऊ लागली, पण त्यांचे थांबे प्रामुख्याने गोवा, कोची, लक्षद्वीप असे. कोकणचा किनारा जहाजाच्या डावीकडून नुसताच सरकत जातो. म्हणजे टर्मिनल उभे राहिले. थांबे कोठे, कोणासाठी आणि कोणत्या अटींवर, हे अद्याप ठरायचे आहे. नॉर्वेने आधी जहाजे येऊ दिली आणि कित्येक दशकांनी मर्यादा घातल्या. आपल्याला ती मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवण्याची संधी आहे.

हा प्रश्न केवळ समुद्राचा नाही. सायखेड्याजवळच नांदूर मधमेश्वरचे पाणपक्षी अभयारण्य आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. हिवाळ्यात पक्षी पाहण्यासाठी येणारा शहरी पर्यटक पहाटे येतो, दुपारी परततो आणि गावात चहाखेरीज फारसे काही खर्च करत नाही. गैरांगेरची तक्रार यापेक्षा वेगळी नाही. नाशिकच्या कुंभमेळ्यात गोदावरीच्या वरच्या अंगाला लक्षावधी माणसे येतात, तेव्हा त्यांच्या गर्दीचा आणि सांडपाण्याचा भार खालच्या अंगाच्या गावांनाही जाणवतो.

सायखेडा आणि चांदोरी यांनी ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचा पूर पाहिला आहे. वरच्या धरणांतून किती पाणी सोडले आणि खालच्या बंधाऱ्याचे दरवाजे केव्हा उघडले, यावर गाव बुडते की वाचते हे ठरते, हे येथील माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. जहाजातून उतरणाऱ्या गर्दीलाही असाच विसर्ग ठरवून द्यावा लागतो, एवढेच नॉर्वेच्या लहान गावांचे म्हणणे आहे. हे म्हणणे ध्यानात ठेवून जो प्रवासी आपले सात तास मोजके ठिकाण निवडून, गावातल्या दुकानात दोन पैसे खर्चून आणि वेळेत परतून घालवील, त्याला फियॉर्ड अधिक दिसेल आणि त्याचा पैसाही सार्थकी लागेल.